फूल नको, मे महिना बघा

तळ्याकाठी लावायचं रोप घेताना बहुतेक जण फुलाचा रंग विचारतात. मी विचारते, हे मे महिन्यात तग धरेल का? आपल्याकडे जुलैत तळं काठोकाठ भरतं आणि भर उन्हाळ्यात रोज जवळजवळ सेंटिमीटरभर पाणी उडून जातं. काठावरच्या झाडाला हे दोन्ही सोसावं लागतं.

सतत भिजलेल्या मातीत हवा उरत नाही. गुलाबाची मुळं तिथे कुजतात, पाणकणीस मात्र फोफावतं. त्याचं पान आडवं कापून पाहा, आत पोकळ्याच पोकळ्या दिसतील. त्यांतूनच हवा चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते.

माझ्या तळ्यात खाली शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद आहे आणि कडेने वीतभर खोल पायरी. पायरीवर विटा, विटांवर कुंड्या. पाणी उतरलं की कुंडीखालची एक वीट काढायची, पावसाळ्यात परत सरकवायची. कुंडीत शेतातली जड, चिकण माती भरायची. शेणखत नको, ते पाण्यात उतरतं आणि तळं शेवाळाने हिरवं होतं. वर बारीक खडीचा थर दिला की मासे माती उकरत नाहीत.

लावणीला सुरुवात वेखंडापासून करावी. त्याला आपल्याकडे क्वचितच बी धरतं, म्हणून मुळीचेच तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर एक तरी डोळा हवा. तुकडा आडवा ठेवून जेमतेम झाकायचा, खोल गाडला तर कुजतो. मातीवर दोन-चार बोटं पाणी त्याला मानवतं. तलवारीसारखं पान चुरगळलं की वास येतो, तोच वेखंडाचा दाखला.

ब्राह्मी अगदी काठाला, जिथे पाणी मातीला नुसतं टेकलेलं असतं. फांदीचा तुकडा चिखलात दाबला की पेरापेराला मुळं फुटतात आणि कुंडीची कड झाकली जाते. अळू आणि कर्दळ तर आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत. फुलून गेलेला कर्दळीचा दांडा बुडापासून कापावा, म्हणजे शेजारचा कोंब जोर धरतो. पाणकणीस हवंच असेल तर बिनभोकाच्या टबात लावा. त्याची टोकदार मुळखोडं भराभर पसरतात आणि कागदही फाडू शकतात.

जूनच्या तोंडाशी कुंड्या बाहेर काढून दाटी विरळ करायची. हे काम चिखलाचं आणि कंटाळवाणं, पण टाळण्यासारखं नाही. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि दाट बुंध्यांच्या आडोशाला दडलेल्या अळ्या माशांच्या तावडीत सापडत नाहीत.

दोन गोष्टी मात्र घरी आणू नयेत. पहिली जलपर्णी. जांभळी फुलं मोहात पाडतात, पण ती अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होते. उपटलेली जलपर्णी ओढ्यात टाकू नका, उन्हात पूर्ण वाळवा. दुसरं, कासच्या पठारावरचं दवबिंदूचं रोप. तिथली माती निकस, म्हणून ते कीटक पकडून पोषण मिळवतं. बागेच्या सकस मातीत ते जगत नाही. ते पाहायला पावसाळ्यात पठारावर जा, आणि घरच्या तळ्यासाठी वेखंडाची एक मुळी कुणाकडून तरी मागून आणा.