गळालेला पाव पैसा

बालमित्रांनो, तुमचे पणजोबा शिर्डीच्या बाजारात आण्यांत हिशेब करायचे. सोळा आण्यांचा रुपया! १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि रुपया १०० पैशांचा झाला. म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. पण पाव पैशाचं नाणं कुठंय? म्हणून एका आण्याचे सहाच पैसे धरले. तीन आण्यांचे मात्र १९! आता सांगा, एकेक आणा तीनदा दिला तर किती पैसे? अठराच. एक पैसा गेला कुठे?

संगणकाचंही असंच होतं बरं का! त्याला फक्त ० आणि १ हे अंक कळतात. अर्धा, पाव तो नेमका लिहितो. पण ०.१ लिहायला बसला, की अंक संपतच नाहीत; आपलं १/३ = ०.३३३... तसंच. म्हणून तो मध्येच थांबतो. 'सी' भाषेतला 'फ्लोट' बहुधा ३२ खणांत थांबतो, 'पायथॉन'चा ६४ खणांत. 'सी'कडून फ्लोटमधला ०.१ घेतला, की पायथॉनला दिसतं ०.१०००००००१४९... खण वाढले, पण गळालेलं परत येत नाही.

मोठ्या खणांतून लहानात जाणं तर फारच धोक्याचं. ४ जून १९९६ला युरोपच्या 'एरियान-५' अग्निबाणात ६४ खणांची दशांश संख्या १६ खणांच्या पूर्णांकात घालायची होती. तिथे ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. आकडा मोठा निघाला आणि सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

तेव्हा मुलांनो, संख्या देण्याआधी विचारा, "घेणाऱ्याकडे खण किती?"