टाइल्सचे ‘केमिकल’ कालवताना त्वचा का भाजते?

नाशिकमध्ये द्वारका परिसरात घराची दुरुस्ती काढली, जुन्या शहाबादीवरच नवी टाइल बसवायची ठरली, की मिस्त्री करड्या पावडरीची २० किलोची गोणी आणायला सांगतो. बोलीत तिला ‘केमिकल’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात मुख्यतः सिमेंट, बारीक वाळू आणि चिकटपणा वाढवणारे पॉलिमर असते. म्हणजे सिमेंटचे सगळे त्रास याच्यातही आहेत.

सिमेंटमध्ये पाणी पडले की ते तीव्र अल्कधर्मी होते. त्याचा पीएच १२ ते १३ पर्यंत जातो; पानाला लावायचा चुना साधारण याच जातीचा. त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी असते. ओला माल अंगावर राहिला तर तो त्वचेतील तेल आणि प्रथिने विरघळवत आत शिरतो. फसवी गोष्ट अशी, की सुरुवातीला दुखतच नाही. ओल्या पँटवर गुडघे टेकून माणूस दिवसभर काम करतो आणि संध्याकाळी पाहतो तर कातडी काळपट पडलेली, खाली खोल जखम. बुटात किंवा हातमोज्यात शिरलेला माल तर सर्वात वाईट, कारण तो तिथेच दाबून राहतो. सुती हातमोजे भिजतात, म्हणून ते न घातलेले बरे. नायट्राइलचे किंवा रबरी, मनगटावर घट्ट बसणारे हातमोजे घ्या.

अंगावर माल पडला तर कपडे, बूट लगेच काढा. कोरडी पावडर आधी झटका, मग वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धुवा. हळद, टूथपेस्ट, खोबरेल तेल, व्हिनेगर काहीही लावू नका. फोड आले, त्वचा पांढरी किंवा काळी पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

डोळ्यात उडाले असेल तर आधी नळ गाठा, रिक्षा नंतर. पापण्या उघडून धरून सलग अर्धा तास पाणी सोडा, मगच निघा. द्वारका चौकात वाहतुकीत अडकलेली पंधरा मिनिटे बुबुळाला फार महाग पडतात.

दुसरा त्रास हळू येतो. सिमेंटमधील क्रोमियममुळे काहींना ॲलर्जी होते: बोटांच्या मागे आणि मनगटावर खाज, भेगा, पाणी सुटणे. सुट्टीत बरे वाटते, कामावर गेले की पुन्हा सुरू. पुष्कळ जण याला गजकर्ण समजून दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणतात आणि महिनोन्‌महिने लावतात. तसे करू नका. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करून निदान करतात. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा वर्षानुवर्षे राहते आणि चामड्याच्या चपलेनेही पायावर पुरळ येऊ शकते, कारण चामडे कमावतानाही क्रोमियम वापरतात. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील विद्राव्य क्रोमियम-६ वर दहा लाखात २ भागांची मर्यादा घातली. त्यासाठी सिमेंटमध्ये बहुधा फेरस सल्फेट मिसळतात. गोणी जुनी झाली की त्याचा परिणाम ओसरतो.

कालवताना बादलीत आधी पाणी घ्या, मग पावडर हळूहळू सोडा. मिक्सरचा वेग कमी ठेवा. पाणी गोणीवर लिहिले असेल तेवढेच. पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा ढवळा. घट्ट होऊ लागलेल्या मालात वरून पाणी घालू नका. गोणी गॅलरीत किंवा अंगणात फोडा, पोरांना लांब ठेवा. धुळीतील सिलिका फुप्फुसात साचते, आणि ग्राइंडरने कोरडी टाइल कापताना ती कितीतरी जास्त उडते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-९५ मास्क लावा, टाइल पाणी मारत कापा.

घरातील कुणी वर्षानुवर्षे हेच काम करत असेल आणि जिना चढताना धाप लागत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल, तर छातीचा एक्स-रे काढा, थुंकीही तपासा. सिलिकोसिस असलेल्यांना क्षयरोगाचा धोका जास्त असतो. डॉक्टरांना नुसते ‘मजुरी करतो’ असे सांगू नका. टाइल्स कापतो, सिमेंट कालवतो, किती वर्षे, हे सांगा.