हेडलाइट मंडल, जुन्या मोटारगाड्यांतील

मोटारगाडीच्या पुढील मुख्य दिव्यांना (हेडलाइटांना) बॅटरीकडून विद्युत् प्रवाह पोहोचविणाऱ्या तारा, स्विच व जोड आणि तो प्रवाह परत नेणारा गाडीचा धातूचा सांगाडा या सर्वांचे मिळून हेडलाइट मंडल होते. १९५०–७० या काळातील अनेक गाड्यांत दिव्यांचा संपूर्ण प्रवाह चालकापुढील स्विचमधूनच जात असे, रिले नसे. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत या मंडलाला वितळतारही (फ्यूजही) नव्हती. दोन्ही दिवे एकाच वितळतारेवर ठेवल्यास ती वितळताच चालकापुढे एकदम काळोख होईल, असे या योजनेचे समर्थन करण्यात येते. ते निराधार नाही. परंतु तारेचे निरोधन झिजून तिचा सांगाड्याला स्पर्श झाला, तर प्रवाह तोडणारे काहीच नसल्याने तारांचा सर्व जुडगा जळू शकतो. म्हणून अशा गाडीत दिव्यांचा बारीकसारीक दोषही उपेक्षणीय नसतो.

रचना : मॉरिस मायनर (१९४८–७१) ही या रचनेची नमुनेदार गाडी होय. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाडा (प. बंगाल) येथे १९५७ पासून तयार होऊ लागलेली अँबॅसडर गाडीही याच घराण्यातील आहे. या ब्रिटिश गाड्यांची विद्युत् सामग्री प्रायः लुकस कंपनीची असे व तारांचे रंग ठराविक असत. बॅटरीकडून येणारी, वितळतार नसलेली तार तपकिरी असते. ती नियामकाच्या पेटीवरून दिव्यांच्या स्विचपर्यंत जाते. स्विचच्या पहिल्या टप्प्यावर लाल तारेतून बाजूचे व मागचे दिवे लागतात. दुसऱ्या टप्प्यावर निळ्या तारेतून प्रवाह डिपर स्विचकडे जातो. तेथून पांढरी रेघ असलेली निळी तार लांबच्या झोताला व लाल रेघ असलेली निळी तार जवळच्या झोताला प्रवाह पुरविते. काळी तार सांगाड्याला जोडलेली असते. जुन्या तारांवरील सुती वेष्टनाचे रंग विटून तपकिरी व लाल एकसारखे दिसतात. अशा वेळी जुडग्याची पट्टी थोडी उकलून आतील, उजेड न लागलेला रंग पाहणे इष्ट. तपकिरी तारेत किल्ली काढल्यावरही विद्युत् दाब असतो, म्हणून काम करण्यापूर्वी बॅटरीची सांगाड्याकडील तार सोडवितात. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असे, हे मापक लावताना ध्यानात ठेवावे लागते.

रोध व तापणे : प्रत्येकी ४५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सु. ७·५ अँपिअर प्रवाह घेतात. स्विचच्या स्पर्शकांवर काजळी व ऑक्साइड साचून तेथे केवळ ०·१६ ओहम रोध निर्माण झाला, तरी सु. १·२ व्होल्ट दाब तेथेच खर्ची पडतो आणि लहानशा स्पर्शबिंदूवर सु. ९ वॉट उष्णता उत्पन्न होते. उष्णतेने स्प्रिंगचा ताण कमी होतो, स्पर्श सैल होतो, रोध वाढतो व उष्णता आणखी वाढते. स्विच एके दिवशी अचानक गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो महिनोन्‌महिने जळत आलेला असतो. टंगस्टन तंतूचा प्रकाश दाबाच्या सु. ३·४ घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे दाब एक दशांशाने घटला की प्रकाश सु. तीन दशांशाने घटतो. ६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांत तेवढ्याच वॉटच्या दिव्यांना दुप्पट प्रवाह लागत असल्याने तेथे हा दोष अधिक जाचक ठरतो.

दोषशोधन : दिवा न लागल्यास स्विच बदलणे ही नेहमीची चूक होय. प्रथम काय चालते व काय चालत नाही ते पाहावे. सर्वच दिवे बंद असल्यास दोष बॅटरीपासून स्विचपर्यंतच्या सामाईक भागात असतो. बाजूचे दिवे लागतात, पण पुढच्या मुख्य दिव्यांचे दोन्ही झोत बंद आहेत, असे असल्यास १५ अँपिअरची वितळतार बसविलेल्या तारेने स्विचमागील तपकिरी व निळे अग्र क्षणभर जोडतात. दिवे लागले, तर दोष स्विचमध्ये. न लागले, तर तो पुढे, बहुधा डिपरमध्ये असतो. पायाने दाबावयाचा डिपर तळपाटावर असतो. तेथे चिखल व पाणी साचत असल्याने तो मुख्य स्विचच्या आधी बिघडलेला आढळतो. एकच झोत दोन्ही दिव्यांत बंद असणे हेही डिपरचेच लक्षण होय. एकच दिवा बंद असल्यास तंतू, जवळचा जोड अथवा सांगाड्याची तार तपासावी. मुख्य स्विच निर्दोष समजावा.

दिवा काढून धारकावर व्होल्टमापक लावला व तो १२ व्होल्ट दाखवितो म्हणून मंडल ठीक मानले, असे पुष्कळदा घडते. हा निष्कर्ष फसवा आहे. मापक जवळजवळ प्रवाह घेतच नाही. त्यामुळे जळक्या स्पर्शकावर दाब खर्ची पडत नाही व पूर्ण दाब दिसतो. मापन दिवे लागलेले असतानाच करावयाचे असते. मापकाची एक तार बॅटरीच्या सांगाड्याला न जोडलेल्या अग्रावर व दुसरी दिव्याच्या पुरवठा अग्रावर ठेवली असता मिळणारा आकडा म्हणजे वाटेत गमावलेला दाब. दोन चौ. मिमी. छेदाच्या पाच मीटर तांब्याच्या तारेत ७·५ अँपिअरला सु. ०·३ व्होल्ट जाणे स्वाभाविक आहे. एकूण घट अर्ध्या व्होल्टपेक्षा बरीच अधिक असल्यास मापक एकेका जोडावरून पुढे सरकवीत दोषस्थान गाठता येते. सुस्थितीतील स्विचच्या दोन अग्रांमधील घट ०·१ व्होल्टच्या आत असते.

परतीच्या वाटेची तपासणी बहुतेक कारागीर विसरतात. दिव्याच्या खोबणीतील गंजामुळे काळ्या तारेचा जोड तुटला, तर लक्षणे चमत्कारिक दिसतात. जवळचा झोत लावला असता त्या दिव्यातील प्रवाहाला सांगाड्याची वाट मिळत नाही. तो त्याच दिव्यातील दुसऱ्या तंतूतून उलट जाऊन लांबच्या झोताच्या तारेत शिरतो व पलीकडील दिव्यातून सांगाड्यास मिळतो. परिणामी दोषी दिव्याचे दोन्ही तंतू मंद तांबूस दिसतात आणि फलकावरील लांबच्या झोताचा निळा निदर्शक दिवा नको तेव्हा मिणमिणतो. हे चिन्ह दिसताच स्विच उघडण्याचे श्रम वाचतात.

जुन्या अमेरिकी गाड्यांची तऱ्हा निराळी आहे. त्यांच्या हेडलाइट स्विचमध्येच द्विधातूची पट्टी असलेला स्वयंचलित खंडक असतो. प्रवाह अथवा उष्णता वाढली की पट्टी वाकून मंडल तोडते व थंड झाली की पुन्हा जोडते. दिवे लागून काही मिनिटांनी उघडझाप होऊ लागल्यास शॉर्ट सर्किट, अधिक वॉटचे दिवे किंवा स्विचच्या अग्रावरील सैल व तापलेला जोड यांपैकी एखादे कारण असते. खंडकाला बगल देणे हा उपाय नव्हे. इंजिन मंद फिरत असताना दिवे मंदावणे मात्र डायनामो असलेल्या गाडीत दोष समजू नये. त्या वेगाला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. तसेच परावर्तक काळवंडला असल्यास विद्युत् मंडलात कितीही शोधले तरी व्यर्थ होय.

दुरुस्ती : स्पर्शक बारीक पॉलिश कागदाने स्वच्छ करता येतात, परंतु स्प्रिंगचा ताण गेला असल्यास अथवा रिव्हेट सैल झाले असल्यास स्विच बदलणेच योग्य. कडक होऊन तडकलेल्या रबरी निरोधनाची तार चिकटपट्टीने गुंडाळण्याऐवजी बदलावी. विशेषतः पत्र्याच्या छिद्रातून जाणाऱ्या तारेला रबरी कडे हवेच. वितळतारेच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चमकता कागद गुंडाळण्याची रस्त्यावरील युक्ती मूळ दोषापेक्षा घातक असते. १९७१ पासून प्रचारात आलेले ६०/५५ वॉटचे हॅलोजन दिवे जुन्या स्विचवर सु. १० अँपिअरचा व १००/९० वॉटचे दिवे १६ अँपिअरहून अधिक भार टाकतात. लुकसच्या सी ४० डायनामोची क्षमताच सु. २२ अँपिअर असल्याने दुसऱ्या प्रकारचे दिवे त्या गाडीस पेलवत नाहीत. दोन्ही झोतांसाठी एकेक रिले बसविल्यास स्विच व डिपर यांतून फक्त रिलेच्या वेटोळ्याचा, म्हणजे ०·२ अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. रिलेसाठी बॅटरीकडून घेतलेल्या जाड तारेवर बॅटरीजवळच एक मोठी वितळतार घालतात. रिलेपुढे प्रत्येक तंतूला स्वतंत्र वितळतार दिली, म्हणजे एका तंतूच्या तारेतील दोषाने दुसऱ्या बाजूचा दिवा विझत नाही. धन अग्र सांगाड्याला असलेल्या गाडीत डायोड असलेला रिले जोडताना वेटोळ्याच्या ८५ व ८६ क्रमांकांच्या अग्रांची अदलाबदल करावी लागते. तशी न केल्यास स्विच चालू करताच डायोडमधून शॉर्ट सर्किट होते.