वही उघडणारा महापौर

महापालिकेच्या लेखा विभागात उमेदीची वर्षं घालवली की अंदाजपत्रक वाचण्याची एक सवय जडते. पहिल्या पानावरच्या कोटींच्या आकड्यावर नजर थांबतच नाही. आधी पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते, वीजबिलं वजा करायची आणि मग खाली काय उरतं ते बघायचं. शहरात नवं गटार, नवा रस्ता, नवी शाळा जे काही होणार असेल, ते त्या उरलेल्या रकमेत. निवृत्त झाले तरी ही सवय गेलेली नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची हकिकत मला जवळची वाटते ती यामुळेच. तिथल्या एका महापौराने हीच वजाबाकी वस्तीवस्तीतल्या लोकांपुढे मांडली आणि उरलेल्या पैशाचं काय करायचं ते त्यांना ठरवायला सांगितलं.

त्यांचं नाव ओलिव्हियो दुत्रा. पेशाने बँकेतले कारकून, पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते. १९७९च्या संपात लष्करी राजवटीने त्यांना अटक केली होती. कामगारांच्या पक्षाचे ते संस्थापक सदस्य. झुपकेदार मिशांचे हे गृहस्थ पदावर असतानाही बसने फिरत, असं त्यांच्याबद्दल आवर्जून सांगितलं जातं. १९८८च्या निवडणुकीत ते जिंकले आणि १ जानेवारी १९८९ला त्यांनी कारभार हाती घेतला. पोर्तो अलेग्रे म्हणजे दक्षिणेकडच्या रियो ग्रांदे दो सुल राज्याची राजधानी, गुआईबाच्या काठावरचं बारा-तेरा लाख वस्तीचं शहर.

सगळं श्रेय एकट्या दुत्रांच्या पदरात टाकणं मात्र बरोबर नाही. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्कराची सत्ता होती आणि त्या काळात राज्यांच्या राजधान्यांचे महापौर वरून नेमले जात. नागरिकांना मतच नव्हतं, म्हणून लोक आपापल्या वस्तीत संघटना बांधत गेले. रेस्तिंगासारखी वस्ती तर शहराच्या मध्यातून हलवलेल्या गरिबांना पार दक्षिणेच्या टोकाला नेऊन वसवलेली. तिथे पाणी, बस, दवाखाना, प्रत्येक गोष्टीसाठी भांडावं लागे. १९८३ मध्ये अशा रहिवासी संघटनांचा शहरभरचा एक महासंघ उभा राहिला. तीनच वर्षांनी त्याने मागणी केली की महापालिकेचं अंदाजपत्रक ठरवताना आम्हालाही बसवा. दुत्रा तेव्हा महापौर नव्हते. मागणी वस्त्यांची होती. दुत्रांनी ती मान्य केली आणि ती चालवण्यासाठी आपली खुर्ची पणाला लावली.

खुर्चीवर बसल्यावर समोर आलेली वही भीषण होती. जवळजवळ सगळा महसूल पगारातच संपत होता. आधीच्या महापौरांनी जाता जाता पगारवाढ देऊन ठेवली होती. त्यात ब्राझीलमधली महागाई १९८९ मध्ये वर्षाला हजार टक्क्यांच्या वर गेली होती. ज्याने लेखाशीर्षं सांभाळली आहेत त्यालाच कळेल की अशा महागाईत तरतुदीचा आकडा कागदावरची शाई सुकण्याआधी निरर्थक होतो. जानेवारीत आकारलेला घरपट्टीचा पैसा डिसेंबरात वसूल झाला, तर त्यातून एक खड्डाही बुजत नाही.

पहिल्याच वर्षी सभा घेतल्या, लोकांनी लांबलचक याद्या दिल्या, पालिकेने कामांचं आश्वासनही दिलं. पैसे नसल्याने त्यातलं फारसं काही झालं नाही. १९९० मध्ये शहरभरच्या सगळ्या सभांना मिळून हजार माणसंही आली नाहीत. लोकांची पाठ फिरली होती. इथे बहुतेक राजकारणी सभाच बंद करतात किंवा मंडप मोठा घालतात. दुत्रा आणि त्यांचे उपमहापौर तार्सो जेन्रो यांनी आधी पैसा उभा केला. घरपट्टीची पुनर्रचना करून ज्याची मालमत्ता मोठी त्याच्यावर जास्त दराने कर बसवला, कर महागाईशी जोडला, आणि १९८८च्या नव्या राज्यघटनेने नगरपालिकांना दिलेला वाढीव वाटा पुरेपूर घेतला. दोन-तीन वर्षांत विकासकामांसाठी उरणारा हिस्सा दहा टक्क्यांच्या वर गेला. अंदाजपत्रक बनवण्याचं काम खात्यांकडून काढून महापौरांच्या कार्यालयातल्या नियोजन कक्षाकडे आणलं. नाहीतर लोकांनी ठरवलेली यादी एखाद्या अभियंत्याच्या कपाटात बसली असती, हे मी अनुभवाने सांगते.

आणि वही उघडी केली. किती आले, पगारात किती गेले, काय उरलं. माझ्या मते दुत्रांच्या नेतृत्वाचं मर्म यात आहे. नुसतं ‘तुम्हाला काय हवं?’ विचारणारे पुष्कळ असतात. असं विचारलं की लोक सगळं मागतात, आणि मग कोणाला काय द्यायचं ते विचारणाराच ठरवतो. पैसे किती आहेत हे आधी सांगितलं की लोक आपसात बोलायला लागतात. वरच्या गल्लीचं गटार आधी की खालच्या गल्लीचा दिवा, यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद होतो, कधी रात्री उशिरापर्यंत, आणि निर्णय त्यांचा होतो.

ही पद्धत नेमकी कशी चाले? पालिकेने आधी शहराचे चार-पाच मोठे विभाग सुचवले होते. वस्त्यांच्या संघटनांना ते पटलं नाही. एवढ्या लांब सभेला कोण येणार आणि परक्या वस्तीशी आमचं काय जुळणार? त्यांनी भांडून सोळा विभाग करून घेतले. वर्षाच्या पूर्वार्धात प्रत्येक विभागात खुली सभा होई. तिथे स्वतः महापौर आणि खातेप्रमुख येत आणि गेल्या वर्षी ठरलेल्या कामांपैकी कोणतं झालं, कोणतं का झालं नाही, याचा जाब देत. सभेला जितकी माणसं, त्या प्रमाणात त्या वस्तीचे प्रतिनिधी. म्हणजे शेजाऱ्यांना घराबाहेर काढण्यात प्रत्येकाचा फायदा. या प्रतिनिधींनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन दुसऱ्यांच्या वस्त्याही बघायच्या. त्यांच्यावर शहराची अंदाजपत्रक परिषद. सदस्यांना मानधन नाही, सलग दोनच मुदती, आणि विश्वास उडाला तर माघारी बोलावण्याची सोय.

पैशाची वाटणी आवाजाच्या जोरावर होत नसे. विभागाची लोकसंख्या किती, त्या सोयीची तिथे उणीव किती, आणि लोकांनी त्या कामाला कितवा क्रम दिला, या तिन्हींना गुण होते. ज्या विभागात रस्ते सर्वांत कमी, त्याला रस्त्याच्या पैशासाठी उणिवेचे सर्वांत जास्त गुण. वर्षाअखेरीस मंजूर कामांची पुस्तिका छापली जाई. कोणत्या वस्तीत, कोणत्या रस्त्यावर, कोणतं काम. मला ही पुस्तिका सर्वांत मोलाची वाटते. ती हातात असली की एखादी बाई उभी राहून म्हणू शकते, पान अमुक, ओळ तमुक, हे काम कुठे आहे? आणि बायका उभ्या राहिल्याही. दोन हजार सालाच्या सुमारास या सभांमध्ये निम्म्याहून जास्त स्त्रिया असत, आणि येणाऱ्यांत गरीब व कमी शिकलेल्यांचा भरणा मोठा होता.

सांडपाण्याच्या जाळ्याशी जोडलेली घरं १९८९ मध्ये ४६ टक्के होती, १९९६ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर गेली असं सांगितलं जातं. गटाराचं उद्घाटन करायला कुणाला हौस नसते, ते जमिनीखाली असतं. लोकांच्या हाती यादी गेल्यावर गटार वर आलं, यात मला त्यांचं शहाणपण दिसतं.

सलग दुसऱ्यांदा उभं राहण्याची तेव्हा महापौरांना मुभा नव्हती, म्हणून १९९२ नंतर दुत्रा बाजूला झाले. पुढे ते राज्याचे गव्हर्नर झाले, मग राष्ट्राध्यक्ष लुलांच्या सरकारात शहरविकासाचे मंत्री. पोर्तो अलेग्रेत त्यांचा पक्ष २००४ पर्यंत सत्तेत टिकला. १९९६च्या इस्तंबूल परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी या पद्धतीचा गौरव केला, आणि न्यूयॉर्क, पॅरिससारख्या शहरांनी तिची रूपं उचलली.

उणिवाही सांगायला हव्यात. लोकांच्या हाती होता तो मुख्यतः नव्या कामांचा पैसा. पगार, देखभाल, मोठी कंत्राटं यांच्यावर त्यांची पकड कमीच राहिली. ज्यांचं पोट रोजच्या रोज भरायचं असतं, असे अगदी तळातले लोक सभेला येऊ शकत नसत. आणि सगळ्यात मोठी उणीव अशी, की ही पद्धत कायद्याने बांधलेली नव्हती. नगरसभेत दुत्रांचं बहुमत नव्हतं, नियम परिषद आणि पालिका मिळून ठरवत. त्यामुळे पाठबळ देणारा महापौर गेला की ती झिजत गेली. मंजूर होऊनही न झालेल्या कामांचा ढीग वाढला, आणि २०१७ मध्ये नव्या मागण्यांची फेरीच थांबवली गेली. हा भाग वाचताना मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत वस्त्यांनी कमावलेली शिस्त एका सहीवर अवलंबून होती.

आपल्याकडे गोष्ट आणखी अवघड. मुंबईचा कारभार चालतो त्या १८८८च्या कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, अंदाजपत्रकही तेच मांडतात. महापौर सभागृहाचं अध्यक्षपद सांभाळतात. ब्राझीलचा महापौर थेट लोकांनी निवडलेला आणि तिजोरीची किल्ली हाती असलेला. दुत्रांनी आपल्या हातातली सत्ता वाटली. आपल्या महापौरांच्या हाती वाटायला तेवढी नाही. पोर्तो अलेग्रेत सुरू झालेला जागतिक सामाजिक मंच जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावला भरला, तेव्हा ही चर्चा इथवर पोचली होती. पुण्याने २००६-०७ पासून नागरिकांकडून कामांचे अर्ज मागवायला सुरुवात केली, ती धडपड मला मनापासून मोलाची वाटते. पण अर्ज घरी बसून एकेकट्याने भरायचा असतो. शेजाऱ्याशी वाद घालून, त्याची गरज बघून आपली मागणी मागे घेण्याची सभा त्यात नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आणली. त्या सभा माझ्या आसपास मी कधी भरलेल्या पाहिल्या नाहीत.

आमच्या भागातल्या काही जणी दर महिन्याला माझ्याकडे जमतात. मी त्यांना अंदाजपत्रकातली प्रभागाची पानं वाचायला शिकवते: मूळ तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने कसे जुळवायचे, आणि मार्चअखेरीस एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवला तर तो कुठे सापडतो. आता आम्ही क्षेत्रीय कार्यालयाकडे गेल्या वर्षीच्या मंजूर कामांची रस्त्यांच्या नावांसह यादी मागितली आहे. ती आली की प्रत्येकीने आपापली गल्ली चालून बघायची असं ठरलं आहे.