निर्धास्त मुलुखातील भूकंप (लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात जपानसारख्या नित्यकंपी देशातील लोकव्यवहाराचा आपण विचार केला. तेथील शाळकरी मूलसुद्धा जमीन हलू लागताच निमूटपणे मेजाखाली शिरते, कारण आजोबा-पणजोबांपासून तो संस्कार घरात चालत आलेला असतो. आज त्याच्या अगदी उलट स्थितीचा, म्हणजे जेथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी भूकंप अनुभवलेला नाही आणि म्हणून तो प्रत्यक्ष आला तरी हा भूकंपच आहे असे चटकन कोणाच्या ध्यानी येत नाही, अशा मुलुखाचा विचार करावयाचा आहे. आणि त्यासाठी महाराष्ट्राची सीमा ओलांडण्याचे काहीच प्रयोजन नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या गणपतींचे विसर्जन आटोपून गावे गाढ झोपली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्याचा औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याचा उमरगा तालुका यांच्या सीमेवरील तेरणा नदीकाठचा प्रदेश हादरला. धक्क्याची तीव्रता ६.२ होती. एवढ्या तीव्रतेचे धक्के जपानच्या आसपास दरसाल बसतात आणि बहुधा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही त्यांना चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. येथे मात्र किल्लारी, सास्तूर, मंगरूळ यांसारखी ५२ गावे जमीनदोस्त झाली, आणि मृतांची संख्या सरकारी गणतीने आठ हजारांच्या आसपास, तर इतर अंदाजांनी दहा हजारांच्या घरात गेली. जपानशी असलेल्या एवढ्या मोठ्या तफावतीचे कारण धक्क्याच्या जोरात शोधू जाणे व्यर्थ आहे. ते त्या मुलुखाच्या निर्धास्तपणात सापडते. आणि हा निर्धास्तपणा तेथील भिंतीभिंतींत बांधला गेलेला होता.

मराठवाड्यातील जुने माळवदाचे घर ज्याने बारकाईने पाहिले असेल त्याला हे विधान अतिशयोक्त वाटणार नाही. हे घर मोजावयाचे ते खणांवर. दोन खांबांमधील अंतर तो एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर चिखलमाती, आणि सर्वांवर पांढरीची माती ठोकून बसवलेली. पावसाळ्यात गळती लागू नये म्हणून मृगापूर्वी माळवदावर पुन्हा माती टाकण्याची वहिवाट असल्यामुळे तो थर वर्षानुवर्षे चढत जाई, आणि आजोबांच्या वेळेपेक्षा नातवाच्या डोक्यावरचा भार कितीतरी अधिक असे. भिंती दीड-दोन हात रुंद. बाहेरून घडीव दगडांची एक पडदी, आतून ओबडधोबड दगडांची दुसरी, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत गोटे, चिपा व माती यांचा भराव. दोन्ही पडद्यांना एकत्र धरून ठेवील असा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसेच, आणि सांध्यांत चुन्याऐवजी चिखल. वैशाखातल्या उन्हाने आतला माणूस भाजू नये, चोराच्या पहारीला भिंतीने दाद देऊ नये, आणि मामुली खर्चात गावच्या शिवारातल्याच दगडमातीने काम भागावे, एवढ्या अपेक्षा या घराने शतकानुशतके चोख पुरवल्या. जमीन आडवी हलेल ही अपेक्षा त्या यादीत नव्हती. भार सरळ खाली येतो तोवर अशी भिंत हत्तीसारखी उभी राहते. पण आडवा हिसका बसताच दोन्ही पडद्या एकमेकींपासून सुटतात, मधला भराव पाचरीसारखा खाली उतरून त्यांना आणखी फाकवतो, आणि भिंत निजलेल्या माणसांवर कोसळते. पाठोपाठ माळवदाची माती येते. दगडाच्या माराने जे वाचले त्यांतील पुष्कळांचा श्वास या मातीने कोंडला.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळू. भूकंपाचे स्थान जवळ असले की पहिला प्रत्यय बहुधा कानाला येतो. खडकातून निघणाऱ्या लाटांपैकी आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लाटा दाबाच्या, म्हणजे ध्वनीच्याच जातीच्या असतात; त्या पृष्ठभागाशी येऊन हवेला ढकलतात आणि त्यांची कंपने सेकंदाला विसाहून अधिक असली तर आपल्याला गडगडाट ऐकू येतो. दख्खनच्या कठीण खडकातून अशी जलद कंपने फारशी न विरता वर येत असल्यामुळे येथला लहानसा धक्काही आवाज करून जातो. माणूस त्या आवाजाचा अर्थ आपल्या ओळखीच्या गोष्टींत शोधतो: रस्त्याने मालमोटार गेली, कोठे सुरुंग उडवला, माळवदावर कोणी उतरले. हा अर्थ लावण्यात जो क्षण जातो तोच मोलाचा असतो. प्राथमिक लाटेमागून येणारी, आणि खरी पडझड करणारी, आडवी लाट सुमारे दर आठ किलोमीटरांमागे एक सेकंद मागे पडते. म्हणजे हवाई अंतराने ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर असलेल्या सोलापूरकराला भांडी खुळखुळल्यापासून दहाएक सेकंद मिळाले असतील. ऐन किल्लारीत एक-दोन सेकंदांपलीकडे काहीच मिळणे शक्य नव्हते, आणि तेही भर झोपेत.

धक्का दूरवर जाणवला यातही या भूमीचा स्वभाव दिसतो. अखंड तांब्याच्या हंड्यावर टिचकी मारली तर नाद लांबत जातो आणि तडकलेल्या मडक्यातून बद्द आवाज निघून तेथेच विरतो. त्याचप्रमाणे जुन्या, थंड, सलग भूकवचातून लाटा दूरवर जातात आणि पर्वतरांगांच्या भेगाळ प्रदेशात त्या लवकर मंदावतात. २३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात अवघ्या ५.८ तीव्रतेचा धक्का बसला, तर त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील कोट्यवधी लोकांना तो जाणवला, आणि राजधानीतील वॉशिंग्टन स्मारकाला पडलेल्या भेगांमुळे ते २०१४ च्या मे महिन्यापर्यंत लोकांस बंद ठेवावे लागले.

मग असल्या स्थिर भूमीत भूकंप येतो तरी कसा? भारताचे भूपट्ट दरसाल सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत हिमालयाशी रेटले जाते, आणि त्या रेट्याचा ताण सबंध द्वीपकल्पात पसरलेला असतो. किल्लारी येथे पुढे विंधन केले तेव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण ३३८ मीटरच जाड निघाला. त्याखाली अतिप्राचीन खडक आहे, आणि त्यातील जुने कमकुवत भंग त्या ताणाखाली केव्हातरी सरकतात. दोन सरकण्यांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. एवढ्या काळाची नोंद ना बखरीत सापडते, ना जमाबंदीच्या दफ्तरात. आणि आपले भूकंपप्रवण विभागांचे नकाशे मुख्यतः मागील नोंदींवरच आखलेले. त्यामुळे किल्लारीचा प्रदेश १९९३ पर्यंत पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक, विभागात मोडत होता. २००२ च्या नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्यात गेले.

इशारा मिळालाच नव्हता असेही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा धक्का बसून सुमारे १८० माणसे दगावली, तेव्हाच द्वीपकल्प अचल असल्याची समजूत मोडायला हवी होती. परंतु तो भूकंप कोयना धरणाच्या खात्यावर टाकून बाकीचा महाराष्ट्र मोकळा झाला. खुद्द किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लहान धक्क्यांची मालिकाच लागली होती. लोक भयभीत झाले, अर्जविनंत्या झाल्या, शास्त्रज्ञांनी यंत्रे बसवली. पुढे धक्के थांबले, आणि लोक घरात निजू लागले. यात गावकऱ्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका मोठा अनर्थ न होताच संपतात, आणि ही कोणत्या प्रकारची आहे हे आधी सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते, आजही नाही.

अनर्थानंतर भीतीने दुसरे टोक गाठले. दगडाचा एवढा धसका बसला की लोक मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये भाजून घेणे पत्करू लागले. पुनर्वसनात जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची पक्की घरे मिळाली, गावठाणे बदलली, आणि दगड हाच अपराधी ठरला. वस्तुतः दगडाचा गुन्हा काहीच नव्हता; उणीव होती ती सांधणीची आणि वरच्या अवजड मातीची.

आजही हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात भूगर्भातून आवाज येतात, २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आणि पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेल्या धक्क्यांमुळे आदिवासी कुटुंबांना थंडीत तंबूत राहावे लागले. अशा वेळी कचेरीतून माणसे येतात, भेगांचे पंचनामे होतात, घाबरू नये असे आवाहन होते. मात्र भिंत कशी तपासावी हे क्वचितच कोणी सांगतो, म्हणून येथे सांगतो. ज्या वाचकांचे गावी माळवदाचे घर असेल त्यांनी भिंतीला दोरी लावून तिचे पोट सुटले आहे काय ते पाहावे. माळवदावरील जुन्या मातीचे थर उतरवून एकच हलका थर ठेवावा. भिंतीत मीटरभर अंतरावर आरपार दगड किंवा सळई घातलेले काँक्रीटचे बंध जाणत्या गवंड्याकडून बसवून घ्यावेत. आणि तोपर्यंत मुलांचे अंथरूण भिंतीच्या कडेला न घालता खांबाजवळ घालावे. कोयनेच्या जलाशयाचा आणि तेथील भूकंपांचा संबंध पुढील लेखांकात पाहू.