मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील श्रम व मोबदला : डेबियनचा अनुभव

ज्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. त्यासाठी काम करणाऱ्यांनी मोबदला घेणे हे तत्त्वाशी विसंगत आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ईमॅक्स या आज्ञावलीची फीत १५० डॉलरला विकत असत. लिनक्स कर्नलमधील बहुतांश बदल आज विविध कंपन्यांचे पगारी अभियंतेच करतात आणि त्यावर फारसा वाद होत नाही.

वाद उद्भवतो तो निराळ्या ठिकाणी. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला डेबियन प्रकल्प स्वयंसेवकांच्या श्रमावर उभा आहे. २००६ मध्ये प्रकल्पप्रमुख अँथनी टाउन्स व काही सहकाऱ्यांनी 'डंक-टँक' हा उपक्रम आखला. 'एच' ही आवृत्ती ४ डिसेंबर २००६ रोजी निघावी, म्हणून दोन प्रकाशन व्यवस्थापकांना प्रत्येकी एक महिना पूर्णवेळ कामाचे पैसे द्यावयाचे, अशी ही योजना होती. काही विकसकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली व आपला सहभाग कमी केला. आवृत्ती ८ एप्रिल २००७ रोजी निघाली. विलंबाचे सारे खापर या प्रयोगावर फोडता येणार नाही. त्याआधीची 'सार्ज' आवृत्ती कोणासही पैसे न देता जवळजवळ तीन वर्षांनी आली होती. तथापि आक्षेपाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. शेजारी बसून तेच काम विनामूल्य करणाऱ्यांमधून दोघांनाच का निवडले, आणि ते कोणी ठरवले, हा खरा प्रश्न होता. (शोधनिबंधांचे विनामोबदला परीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांना ही भावना अपरिचित नसावी.)

म्हणून मोबदला द्यावाच. मात्र ज्या कामात ना कौतुक ना आनंद, अशा देखभाल, दोषनिवारण व सुरक्षा-तपासणीसाठी तो प्रथम द्यावा, आणि निवडीचे निकष समुदायाने आधी ठरवावेत. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' दोष उघड झाला, तेव्हा जगभरच्या आर्थिक व्यवहारांना संरक्षण देणाऱ्या या प्रकल्पास वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभारला. तरीही २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या प्रकल्पात, एकट्याने देखभाल करून थकलेल्या स्वयंसेवकाचा विश्वास संपादन करून एका तोतया सहकाऱ्याने चोरवाट पेरल्याचे आढळले.