बारा जण, एक फितूर आणि न थांबलेलं काम

येशूच्या प्रेषितांच्या याद्या नव्या करारात चार ठिकाणी आहेत. चारही याद्यांत पहिलं नाव पेत्राचं. पहिल्या तिन्ही याद्यांत शेवटचं नाव यहूदा इस्कर्योताचं, आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या चौथ्या यादीत ते नाहीच. पहिल्या नावाच्या माणसाने गुरूला ओळख दाखवली नाही, शेवटच्याने गुरूला धरून दिलं. मधल्या दहा जणांनीही अटकेच्या रात्री पळ काढला. अशा माणसांनी चालवलेलं काम दोन हजार वर्षं टिकलं कसं, याचं उत्तर त्यांच्या भांडणांत आणि समेटांत सापडतं.

एका पंगतीत जकातदार आणि कडवा

मत्तय जकातनाक्यावर बसायचा. राज्यकर्त्यांसाठी वसुली करणाऱ्या माणसाला त्या काळचे यहुदी लोक पापी माणसांच्याच ओळीत बसवत. त्याच बारा जणांत शिमोन नावाचा दुसरा एक होता. लूक त्याला ‘जिलोत’ म्हणतो, म्हणजे धर्माचा आणि स्वजनांचा कडवा अभिमानी. एरवी हे दोघे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहिले नसते. इथे मात्र ते एकत्र जेवत होते आणि एकत्र हिंडत होते. उरलेल्यांत किमान चौघे गालीलच्या सरोवरावरचे मासेमार, आणि तेही भावांच्या दोन जोड्या: पेत्र-अंद्रिया आणि याकोब-योहान.

मानाच्या जागेसाठी वशिला

याकोब आणि योहान यांना येशूच्या राज्यात उजवी-डावीकडची आसनं हवी होती. मार्काच्या शुभवर्तमानात ते स्वतःच मागणी करतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची आई पुढे होऊन शब्द टाकते. बाकीचे दहा जण संतापले. येशूने सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं की ज्याला मोठं व्हायचंय त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं. धडा पचायला वेळ लागला. लूक सांगतो की अगदी शेवटच्या भोजनाच्या वेळीही ‘आपल्यात मोठा कोण’ यावरून त्यांची जुंपलीच होती.

खजिनदार यहूदा

मंडळींच्या पैशांची पिशवी यहूदाकडे असायची. योहान लिहितो की तो त्यातले पैसे काढायचाही. हा पैसा कुठून यायचा, याची एक वाट लूक दाखवतो: मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर अनेक स्त्रिया पदरमोड करून या मंडळींचा खर्च भागवत होत्या.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. येशूने बाराही जणांना दोघादोघांच्या जोडीने गावोगाव पाठवलं होतं. त्यांनी उपदेश केला, आजारी माणसांना बरं केलं. म्हणजे यहूदाही त्या वाटांवरून चालला, आणि त्याचाही कुणीतरी जोडीदार होता.

तीस नाण्यांत काय येत होतं?

मुख्य याजकांनी यहूदाला चांदीची ३० नाणी दिली. मोशेच्या नियमशास्त्रात कुणाच्या बैलाने दुसऱ्याच्या गुलामाला शिंगाने मारलं, तर मालकाला द्यायची भरपाईही तीस शेकेल चांदीच. यहूदाला मिळालेली नाणी सोर शहरातले शेकेल असावीत, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. तसं धरलं तर रक्कम होते सुमारे १२० दिनार. मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार, तेव्हा ही साधारण चार महिन्यांची कमाई.

आता दुसरा आकडा पाहा. त्याच्या काही दिवस आधी बेथानीत तिथल्याच मरीया नावाच्या स्त्रीने येशूच्या पायांना सुगंधी तेल लावलं. ते विकलं असतं तर ३०० दिनार आले असते, अशी तक्रार केली होती यहूदानेच. गुरूची किंमत त्या तेलाच्या निम्मीही ठरली नाही.

संशय कुणालाच आला नाही

तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, असं येशू म्हणाला तेव्हा एकाही शिष्याने यहूदाकडे बोट दाखवलं नाही. प्रत्येकाने आधी स्वतःविषयीच विचारलं. यहूदा उठून बाहेर गेला तेव्हा काहींना वाटलं, सणासाठी काही विकत घ्यायला निघाला असेल, नाहीतर गरिबांना काही द्यायला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस शेजारी बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. येशूला मात्र होता. तरीही त्या रात्री त्याने बाराही जणांचे पाय धुतले, आणि त्यात यहूदाचेही पाय होते.

कोंबडा आणि कोळशाचा विस्तव

त्याच रात्री महायाजकाच्या अंगणात पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत बसला. एका दासीने त्याला ओळखलं. तीनदा विचारणा झाली आणि तिन्ही वेळा त्याने कानांवर हात ठेवले. कोंबडा आरवला, आणि मग हा मोठमोठं बोलणारा कोळी ओक्साबोक्शी रडला. यरुशलेममध्ये सियोन टेकडीच्या उतारावर या रडण्याच्या आठवणीचं चर्च आहे, सेंट पीटर इन गॅलिकांटू. त्याच्या छपरावर कोंबडा बसवलेला आहे.

पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू पेत्राला पुन्हा भेटतो. तिथेही कोळशाचा विस्तव पेटलेला असतो. तिथे तो पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो, माझ्यावर तुझं प्रेम आहे का? तीन नकारांसमोर तीन होकार येतात, आणि प्रत्येक होकारानंतर कळप सांभाळायचं काम पेत्राच्या हाती दिलं जातं.

पश्चात्ताप दोघांनाही झाला

यहूदाला काहीच वाटलं नाही, असा समज सर्रास आढळतो. मत्तय वेगळं सांगतो. येशूला दोषी ठरवल्याचं कळताच यहूदा नाणी घेऊन परत गेला आणि निर्दोष माणसाला धरून दिल्याचं पाप त्याने कबूल केलं. याजकांनी हात झटकले. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि गळफास लावून घेतला. त्या पैशांतून याजकांनी परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचं शेत विकत घेतलं. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातली हकिकत निराळी आहे. तिथे यहूदाच शेत घेतो आणि तिथेच पालथा पडून मरतो. शेताचं नाव मात्र दोन्हीकडे एकच, ‘रक्ताचं शेत’.

पेत्र रडला तो आपल्या माणसांत परत येण्यासाठी. यहूदा कबुली द्यायला गेला तो ज्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं अशांकडे. मला या दोघांमधला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो.

रिकाम्या जागेसाठी चिठ्ठ्या

येशूच्या स्वर्गारोहणानंतर सुमारे १२० जण यरुशलेममध्ये जमले. यहूदाच्या जागी माणूस निवडायचा प्रस्ताव मांडला पेत्राने, म्हणजे नकार देणाऱ्यानेच. धरून देणाऱ्याला त्याने शिव्याशाप दिले नाहीत. तो आपल्यातलाच होता आणि या सेवेत त्याचा वाटा होता, असं तो सरळ म्हणाला.

अट एकच होती. बाप्तिस्मा देणारा योहान (हा प्रेषित योहान नव्हे) याच्या बाप्तिस्म्यापासून शेवटपर्यंत जो सोबत होता, असाच माणूस हवा. दोन नावं पुढे आली, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. नव्या करारात यानंतर त्याचं नाव पुन्हा येत नाही. त्याचे अवशेष जर्मनीतल्या ट्रियर शहरातल्या मठात आहेत अशी परंपरा आहे, आणि तिथे आजही यात्रेकरू जातात.

पुढे इ. स. ४४ च्या सुमारास हेरोद अग्रिप्पाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. त्याची जागा कुणी भरल्याची नोंद नाही. मरण आलं म्हणून प्रेषिताची जागा रिकामी होत नाही, फितुरीने मात्र होते, असाच याचा अर्थ लावला जातो.

शौलाला जामीन राहिलेला माणूस

कुप्र बेटावरचा योसेफ नावाचा लेवी. त्याने आपलं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले. प्रेषित त्याला बर्णबा म्हणत, म्हणजे धीर देणारा. नाव त्याने सार्थ केलं. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार झाला तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रं शिष्यांचा छळ करणाऱ्या शौलाच्या पायांशी ठेवली होती. तोच शौल पालटून, येशूचा अनुयायी होऊन यरुशलेमला आला तेव्हा सगळे त्याला टरकून होते. हा हेर असला तर? बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेलं. पुढे तार्सात जाऊन त्याला अंत्युखियाला आणणाराही बर्णबाच. तिथे दोघांनी वर्षभर मिळून शिकवलं, आणि शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा त्याच शहरात पडलं. ते शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. बर्णबाने हात धरला नसता तर शौलाचा पौल झालेला जगाने कदाचित पाहिलाच नसता.

अर्ध्या वाटेवरून परतलेला मार्क

प्रचाराच्या पहिल्या प्रवासात बर्णबा आणि पौल यांच्याबरोबर तरुण मार्क होता. पंफुल्यातल्या पिर्गा इथून तो त्यांना सोडून घरी परतला. पुढच्या प्रवासाला त्याला न्यायचं का, यावरून दोघा ज्येष्ठांत इतकं पेटलं की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे निघाला. मार्क बर्णबाचा नातेवाईक होता, हे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातून कळतं.

शेवट गोड आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तुरुंगातून निरोप देतो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. त्याच्या जरा आधी तो देमास नावाच्या सहकाऱ्याबद्दल खंत व्यक्त करतो, कारण देमास त्याला सोडून गेला होता. एक गेला त्याच पानावर दुसरा परत आला.

सर्वांत जुनं शुभवर्तमान मार्काचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या शतकातल्या पापियस या बिशपने नोंदवलेली परंपरा सांगते की पेत्राच्या आठवणी मार्काने लिहून ठेवल्या. हा तोच मार्क असेल, तर नकार देणाऱ्याने सांगितलं आणि अर्ध्यावर सोडून गेलेल्याने लिहिलं. म्हणूनच त्यात शिष्यांच्या चुका इतक्या उघडपणे आल्या असाव्यात.

जेवणावरून खडाजंगी

अंत्युखियात पेत्र बिगरयहुदी विश्वासणाऱ्यांबरोबर खुशाल जेवत होता. यरुशलेमहून काही जण आले तसा तो बिचकला आणि वेगळा बसू लागला. बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला खडसावलं, आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं. कुणाच्या पंक्तीला बसायचं हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा होता. कॅथॉलिक चर्च पेत्र आणि पौल या दोघांचा सण मात्र एकाच दिवशी पाळतं, २९ जूनला.

झटपट तीन

● फ्लॉरेन्सचे अनेक चित्रकार शेवटच्या भोजनात यहूदाला टेबलाच्या विरुद्ध बाजूला एकटा बसवत. लिओनार्दो दा विंचीने १४९० च्या दशकात मिलानमधल्या भिंतीवर त्याला बाकीच्यांच्याच रांगेत बसवलं, हातात पैशांची पिशवी देऊन.

● दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त यहूदा नरकाच्या तळाशी सैतानाच्या जबड्यात आहे. सोबतीला सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस.

● इजिप्तमध्ये सापडलेलं, कॉप्टिक भाषेतलं ‘यहूदाचं शुभवर्तमान’ २००६ मध्ये प्रकाशित झालं. त्यात यहूदा येशूच्या सांगण्यावरूनच त्याला धरून देतो. इ. स. १८० च्या सुमारास बिशप इरेनेयस याने अशा पुस्तकावर टीका केली होती.

आणि आपल्याकडे

ही माणसं मराठीत फार लवकर आली. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. त्यात सुमारे ११,००० मराठी ओव्या आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांनी एकट्या पेत्रावर ओवीबद्ध मराठी पुराण लिहिलं. कोंबडा आरवल्यावर रडलेल्या माणसाला मराठीत स्वतंत्र पुराण मिळालं!

पेत्र मासेमारांचा संत. म्हणून २९ जूनला गोव्यात कांदोळी, शिवोली अशा गावांतले मासेमार ‘सांगोड’ साजरा करतात. होड्या एकमेकींना बांधून पाण्यावर मंच उभारतात आणि त्यावर गाणी, नाटुकली होतात. मुंबईत वांद्र्याच्या हिल रोडवर गेलात तर सेंट पीटर आणि सेंट अँड्र्यू अशी दोन चर्चेस एकाच रस्त्यावर दिसतील. गालीलचे हे दोघे भाऊ इथेही शेजारीच आहेत.

निवाडा

प्रेषितांनी निर्दोष माणसं गोळा केली नव्हती. त्यांनी चुकलेल्या माणसांना काम दिलं, तोंडावर सुनावलं आणि परत जवळ घेतलं. यहूदाचं नावही त्यांनी खोडून टाकलं नाही. तुमच्या मंडळात, संस्थेत किंवा कुटुंबात अर्ध्या वाटेवरून परतलेला एखादा मार्क असेलच. त्याला एकदा तरी पुन्हा बोलावून पाहा. कदाचित सगळ्यांची कहाणी लिहून ठेवणारा तोच निघेल.